मत, पैज आणि बाजार : ई-स्पोर्ट्सच्या निकालांवरील भाकित-व्यापाराची समीक्षा
(विशेष संदर्भ : बारामती व इंदापूर तालुके)

प्रास्ताविक

३१ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात एक खातेबदल झाला. विधिमंडळाच्या सभागृहात भ्रमणध्वनीवर रमी खेळत असल्याचा आरोप झालेले व तो आरोप नाकारणारे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्याकडे क्रीडा व युवक कल्याण खाते आले, आणि हे खाते सांभाळणारे इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे कृषिमंत्री झाले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा संमत केला व २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने ई-स्पोर्ट्सला वैध क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आणि पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. शेती, क्रीडा आणि जुगार हे तीन शब्द एका महिन्याच्या अवधीत इतके जवळ आले असताना त्यांच्यातील सीमारेषांची चर्चा मात्र बव्हंशी विनोद आणि राजकीय टोलेबाजी यांपुरतीच राहिली. ही चर्चा अभ्यासकांनी हाती घ्यावी, या भूमिकेतून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

समीक्षेचा विषय आहे भाकित-बाजार, म्हणजेच प्रेडिक्शन मार्केट, आणि त्यातही व्यावसायिक ई-स्पोर्ट्स सामन्यांच्या निकालांवर होणारी खरेदी-विक्री. या व्यवहाराचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले पाहिजे. ‘अमुक संघ हा सामना जिंकेल काय?’ असा एक प्रश्न मांडला जातो. ‘होय’ आणि ‘नाही’ असे त्याचे दोन करार असतात. भारतात चाललेल्या मंचांवर अशा कराराचे अंतिम मूल्य सामान्यतः दहा रुपये ठेवले जाई. ‘होय’ची किंमत सहा रुपये असेल तर ‘नाही’ची किंमत चार रुपये. निकाल लागताच एका बाजूस दहा रुपये मिळतात व दुसऱ्या बाजूचे मूल्य शून्य होते. निकालापूर्वी करार दुसऱ्यास विकूनही बाहेर पडता येते. पॉलिमार्केटसारख्या परदेशी मंचांवर काउंटर-स्ट्राइक, लीग ऑफ लेजेंड्स, डोटा २ अशा खेळांच्या सामन्यांवर याच पद्धतीचे करार उपलब्ध असतात. प्रोबोसारख्या भारतीय मंचांनी ऑगस्ट २०२५ मध्ये आपले पैशांचे व्यवहार थांबविले. मात्र मंच बंद झाला म्हणून त्यामागील विचार बंद होत नाही. म्हणून समीक्षा व्हावयास हवी ती त्या विचाराची.

संज्ञांचा विचार

या व्यवहारास भारतात ‘ओपिनियन ट्रेडिंग’ असे नाव रूढ झाले. ‘मत’ आणि ‘व्यापार’ हे दोन्ही शब्द प्रतिष्ठित आहेत. मत असणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि व्यापार करणे हा घटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. या दोन शब्दांचा समास केला की ‘पैज’ हा शब्द उच्चारण्याची गरजच उरत नाही. २९ एप्रिल २०२५ रोजी ‘सेबी’ने काढलेल्या सूचनेत नेमक्या याच भाषिक क्लृप्तीकडे लक्ष वेधले होते. नफा, स्टॉप लॉस, ट्रेडिंग अशी शेअर बाजारातील परिभाषा वापरल्यामुळे हे मंच गुंतवणुकीचे असल्याचा समज होतो. परंतु तेथे विकली जाणारी वस्तू प्रतिभूती नसल्याने गुंतवणूकदारास मिळणारे कोणतेही संरक्षण तेथे लागू होत नाही, असा त्या सूचनेचा आशय होता.

मराठी भाषेने या क्षेत्रासाठी पूर्वीपासूनच पुरेसे सूक्ष्म शब्द घडविलेले आहेत. जत्रेच्या आखाड्यात मल्लास मिळते ते ‘इनाम’. दोन माणसे परस्परांशी बोलून लावतात ती ‘पैज’. द्यूतात मांडला जातो तो ‘पण’. भावातील चढउतारावर होतो तो ‘सट्टा’. आणि ज्यात यांपैकी कशाचीच लाज उरत नाही तो ‘जुगार’. इनाम आणि पैज यांतील भेद येथे विशेष महत्त्वाचा आहे. इनाम गावाकडून कर्त्याकडे जाते. ते कामगिरीचा गौरव करते. पैजेचा पैसा एका प्रेक्षकाच्या खिशातून दुसऱ्या प्रेक्षकाच्या खिशात जातो. कर्त्याकडून त्यास केवळ एक निकाल हवा असतो. ‘मत-व्यापार’ हा शब्द पैजेस इनामाच्या आणि सट्ट्याच्या प्रतिष्ठेत नेऊन बसवितो.

कर्ता आणि पण लावणारा वेगवेगळे असणे ही बाब आपल्या परंपरेस अपरिचित नाही. महाभारताच्या सभापर्वात पण दुर्योधनाचा असतो आणि फासे शकुनी टाकतो. एकाने दुसऱ्याच्या वतीने खेळावे हे विषम आहे, असा आक्षेप युधिष्ठिर तेथेच नोंदवितो. आणि तो नोंदवूनही खेळावयास बसतो. द्यूतसभेच्या अनर्थाची चर्चा करताना आपण बहुधा युधिष्ठिराच्या व्यसनाकडे पाहतो. परंतु जो खेळत नाही त्याचा पैसा खेळात शिरला की खेळाचे स्वरूपच पालटते, हा त्या आक्षेपातील मुद्दा आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.

आकड्याचा पूर्वेतिहास

निकालांच्या खरेदी-विक्रीचा हा प्रकार महाराष्ट्रास नवा नाही. न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंजमधून मुंबईस तारेने येणाऱ्या कापसाच्या खुल्या व बंद भावांच्या आकड्यांवर मुंबईत दीर्घकाळ जुगार चाले. १९६१ मध्ये हे भाव येणे थांबले. कापसाचा भावच उपलब्ध नसेल तर त्यावरील जुगार संपेल, अशी सामान्य अपेक्षा असावयास हवी. प्रत्यक्षात १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडा काढण्याची स्वतंत्र व्यवस्था उभी केली व ‘मटका’ हा शब्द राज्याच्या गावोगावी पोहोचला.

या घटनेचा तात्त्विक अर्थ असा की, कापसाची त्या जुगारास कधीच गरज नव्हती. भाव हा केवळ आकडा पुरविणारा स्रोत होता. तो आटताच मडक्याने त्याची जागा घेतली. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ यातील ‘जुगाराचे घर’ या संज्ञेच्या व्याख्येत हे वास्तव अचूक टिपलेले आढळते. कापूस, अफू वा अन्य वस्तूचा बाजारभाव, तो भाव दर्शविणाऱ्या संख्येतील अंक, समभागांचे भाव, इतकेच नव्हे तर मोटारीच्या नोंदणी क्रमांकातील अंक यांवरील जुगाराचाही त्या व्याख्येत समावेश आहे. मोटारीचा क्रमांक आणि कापसाचा भाव यांना एकाच पंक्तीत बसविणारा कायदेकार बाजाराचा शत्रू नव्हता. आकडा कोठून आला यावरून व्यवहाराचा स्वभाव ठरत नाही, हे त्याने ओळखले होते.

हीच कसोटी ई-स्पोर्ट्सच्या करारांना लावली पाहिजे. सोल किंवा रियाध येथे दोन संघांत सामना चालू आहे. बारामतीत बसून त्याच्या निकालाचा करार घेणाऱ्यास त्या खेळाची जाण असेल किंवा नसेलही. कराराच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही. मिनिटामिनिटास बदलणारी किंमत आणि ठरावीक वेळी लागणारा निकाल, एवढेच त्यास पुरते. या व्यवहारात सामना हा मडक्याच्या जागी आलेला असतो.

ज्ञानाचा दावा

भाकित-बाजाराच्या समर्थकांची बाजू येथे न्याय्यपणे मांडणे आवश्यक आहे. अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक हायेक यांनी १९४५ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, समाजातील ज्ञान असंख्य व्यक्तींमध्ये विखुरलेले असते आणि किंमत ही त्या विखुरलेल्या ज्ञानाचा समुच्चय घडविते. या विचाराच्या आधारे १९८८ मध्ये आयोवा विद्यापीठाने अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालावर एक लहानसा प्रायोगिक बाजार चालविला. त्याचा हेतू संशोधनाचा होता व त्यात गुंतविता येणाऱ्या रकमेवर मर्यादा होती. निवडणुकीत कोट्यवधी मतदार असतात, प्रत्येकास आपल्या परिसराचे थोडे ज्ञान असते. म्हणून तेथे किंमतीतून काही माहिती हाती लागते, हा दावा अगदीच निराधार म्हणता येत नाही.

परंतु हा दावा ई-स्पोर्ट्सला लावता येतो काय? पाच विरुद्ध पाच खेळाडूंच्या सामन्यात विखुरलेले असे ज्ञान जवळजवळ नसते. मागील सामन्यांची आकडेवारी सर्वांस सारखीच उपलब्ध असते. ती किंमतीत आधीच उतरलेली असते. जे खरोखर निर्णायक ज्ञान असते, म्हणजे कोणाच्या मनगटास दुखापत आहे, संघात कोणता बेबनाव आहे, सरावात कोणता डाव बसविला आहे, ते दहा खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक आणि मोजके व्यवस्थापक यांच्याजवळच असते. प्रक्षेपण काही क्षण उशिरा दाखविले जात असल्याने सामन्याच्या जागी असणाऱ्यास तेवढा अवधीही अधिक मिळतो. शिवाय खेळाचे नियम ज्या कंपनीच्या मालकीचे असतात, ती कंपनी एका सुधारित आवृत्तीने एखाद्या डावपेचाचे मूल्य रातोरात बदलू शकते.

यावरून एक पेच उभा राहतो. आतील माणसांनी या बाजारात व्यवहार केला नाही, तर त्याची किंमत सर्वज्ञात माहितीपलीकडे काहीच सांगत नाही. त्यांनी व्यवहार केला, तर किंमत अचूक होते. परंतु ती अचूकता विश्वासघातातून आलेली असते. ई-स्पोर्ट्सवरील भाकित-बाजार अशा रीतीने एकतर अज्ञानी राहतो किंवा भ्रष्ट होतो. ज्या गुणासाठी त्याचे समर्थन केले जाते, तो गुण प्रामाणिक स्थितीत त्याच्या ठायी फारसा असूच शकत नाही.

जोखीम : शेतकऱ्याची आणि भाकित-व्यापाऱ्याची

‘शेतकरी तरी दुसरे काय करतो? तोही अंदाजच बांधतो,’ असा युक्तिवाद आपल्या भागात सहज ऐकावयास मिळतो व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. नीरा डाव्या कालव्यावरील शेतकरी आवर्तन केव्हा सुटेल याचा अंदाज घेतो. कालव्याच्या शेवटाकडील इंदापूरच्या शेतकऱ्यास तो अधिकच जपून घ्यावा लागतो. ऊस गाळपास केव्हा जाईल, डाळिंबाचा बहार कोणता धरावा, द्राक्षाची छाटणी कधी करावी, या सर्वांत अनिश्चितता आहे. मात्र ही जोखीम त्याने निर्माण केलेली नसते. पीक घ्यावयाचे म्हटले की ती येतेच. त्याचा अंदाज चुकला तर पीक जाते. बरोबर आला तर धान्य, फळ, साखर निर्माण होते. दुसऱ्या कोणाच्या तोट्यातूनच त्याचा नफा निघावा, अशी तेथे अट नसते.

भाकित-करारात मात्र करार होईपर्यंत जोखीमच नसते. दोन संघांपैकी कोण जिंकतो याने इंदापूरच्या तरुणाचे काहीही बिघडणार नसते. पैसे लावताच बिघडू लागते. सहा रुपये एकाचे, चार रुपये दुसऱ्याचे. दोहोंचे मिळून दहा. समजा, मंचाने त्यातून पन्नास पैसे शुल्क घेतले, तर दोघांच्या हाती मिळून साडेनऊच रुपये परत येतात. असे शंभर व्यवहार झाले तर हजार रुपयांपैकी पन्नास रुपये मंचाकडे जमा झालेले असतात, आणि या सर्व उलाढालीत एक दाणाही पिकलेला नसतो. शेअर बाजारातही सट्टा होतो. तथापि समभागामागे एक उद्योग असतो व त्याच्या उत्पन्नातील वाटा भागधारकास मिळू शकतो. येथे वाटून घेण्यासारखे उत्पन्नच नाही. विमाशास्त्रात ‘विमायोग्य हितसंबंध’ ही संकल्पना नेमक्या याच कारणासाठी आलेली आहे. ज्या वस्तूच्या नाशाने आपले नुकसान होत नाही तिचा विमा उतरविणे म्हणजे पैज लावणेच होय.

या संदर्भात आपल्या धोरणातील एक विसंगती लक्षणीय वाटते. २० डिसेंबर २०२१ रोजी ‘सेबी’ने गहू, हरभरा, सोयाबीन यांसह सात शेतमालांच्या वायदे व्यवहारांना स्थगिती दिली व पुढे तिची मुदत वारंवार वाढविण्यात आली. वायदेबाजाराविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्या उत्पादकापुढे भावाची खरीखुरी जोखीम होती त्याच्यासाठी भाव आधी बांधून घेण्याचे साधन बंद राहिले आणि त्याच काळात त्याच्या मुलास परक्या देशातील सामन्यावर ‘ट्रेडिंग’ करण्याचे आमंत्रण त्याच्याच भ्रमणध्वनीवर मिळत राहिले, ही वस्तुस्थिती आहे.

अंदाज या शब्दाचे दुसरे एक रूपही बारामतीतच पाहावयास मिळते. येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचा प्रयोग हाती घेतला आहे. हवामान, जमिनीतील ओलावा, उपग्रहाने टिपलेली पिकाची स्थिती यांवरून पाणी किती व केव्हा द्यावे याचा सल्ला शेतकऱ्यास दिला जातो. हेही भाकितच आहे. परंतु ते कृतीसाठी आहे व त्याची अचूकता सर्व शेतकऱ्यांस एकाच वेळी उपयोगी पडू शकते. भाकित-बाजारात मात्र अचूकतेचे मोल दुसऱ्याच्या चुकीवर अवलंबून असते. विद्यार्थ्यास सांख्यिकी व संभाव्यता शिकविताना हा भेद आपण किती स्पष्ट करतो, हा प्रश्न अध्यापकांनी स्वतःस विचारावयास हवा.

नुरा कुस्ती

आधीच ठरवून लढलेल्या लढतीस मराठीत ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. आखाड्याभोवती बसलेल्या जाणत्या प्रेक्षकांस नुरा कुस्ती बहुधा ओळखू येते, कारण मल्लाचे अंग, त्याची तालीम व त्याचा वस्ताद हे सर्व त्यांच्या परिचयाचे असते. पडद्यावरील खेळात ही ओळख पटणे दुष्कर आहे. चुकलेला नेम आणि चुकविलेला नेम हे बाहेरून सारखेच दिसतात.

ई-स्पोर्ट्सच्या अल्पशा इतिहासात याचे दाखले कमी नाहीत. २०१० मध्ये दक्षिण कोरियात स्टारक्राफ्टच्या अनेक व्यावसायिक खेळाडूंनी पैशांसाठी सामने हरल्याचे उघड झाले; त्यांत त्या काळातील एक अग्रगण्य विजेताही होता व त्यास आजन्म बंदी झाली. २०१३ मध्ये डोटा २ च्या एका रशियन खेळाडूने स्वतःच्याच संघाविरुद्ध शंभर डॉलर लावले; त्यातून त्यास ३२२ डॉलर मिळावयाचे होते. तेव्हापासून ‘३२२’ हा आकडाच त्या खेळाच्या रसिकांत ठरवून हरण्याचा पर्याय-शब्द झाला. २०१४ मधील काउंटर-स्ट्राइकच्या एका अमेरिकन सामन्यात तर रोख रकमेऐवजी खेळातील शस्त्रांची रंगीत आवरणे पणाला लागली होती. जानेवारी २०१५ मध्ये खेळाच्या मालक कंपनीने संबंधितांवर बंदी घातली.

या प्रकरणांत रकमा किती क्षुल्लक होत्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मोजक्या संघांचे खेळाडू वगळता या क्षेत्रातील उत्पन्न अनिश्चित असते व खेळाडूंचे वय कोवळे असते. ग्रामीण भागातून येऊ पाहणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत हा धोका अधिकच असणार. त्याने सामना खेळून मिळविलेल्या इनामापेक्षा त्याच्या पराभवावर परक्यांनी लावलेली रक्कम कितीतरी मोठी असेल, तर त्याच्या प्रामाणिकपणावर पडणारा भार केवळ व्यक्तिगत नीतिमत्तेने पेलावा, ही अपेक्षा रास्त नव्हे.

कायद्याची संहिता

२०२५ च्या कायद्याने या भाराची दखल घेतली आहे काय? कायद्याच्या संहितेचे बारकाईने वाचन केले असता दोन गोष्टी दिसतात. ‘ऑनलाइन मनी गेम’च्या व्याख्येत कौशल्य आणि नशीब यांतील भेद निकालात काढण्यात आला आहे. भारतीय न्यायालयांत दशकानुदशके चर्चिला गेलेला हा भेद होता. १९५७ च्या चमारबागवाला प्रकरणात मुंबई राज्यातील शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांसंबंधी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापार नव्हेच, अशी भूमिका घेतली. १९६८ मध्ये रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरला. १८८७ च्या मुंबई कायद्यातील तेराव्या कलमानेही निव्वळ कौशल्याच्या खेळास वगळलेले आहे. नव्या कायद्याने मात्र पैसे लावून पैसे जिंकण्याची अपेक्षा ही एकच कसोटी ठेवली. ही कसोटी अधिक प्रामाणिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण कौशल्य खेळणाऱ्याचे असते, पण लावणाऱ्याचे नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक चिंत्य आहे. ई-स्पोर्ट्सच्या व्याख्येत एक अट अशी आहे की, त्यात कोणत्याही व्यक्तीने, मग ती सहभागी असो वा नसो, पैज वा पण लावलेला नसावा. या अटीचे दोन अर्थ संभवतात. पहिला, स्पर्धेच्या आयोजनातच पैजेची व्यवस्था नसावी. दुसरा, त्या स्पर्धेवर कोणीही, कोठेही पैज लावता कामा नये. दुसरा अर्थ घेतला तर बारामतीत नियमानुसार भरविलेल्या एखाद्या स्पर्धेची वैधता परदेशातील एखादा अनोळखी इसम दोन डॉलरच्या कराराने धोक्यात आणू शकेल. पहिला अर्थ घेतला तर बाहेरील बाजारास ही अट स्पर्शच करीत नाही. पहिल्या अर्थाने खेळाडूस संरक्षण मिळत नाही आणि दुसऱ्या अर्थाने त्याच्यावरच अन्याय होतो.

कायद्यातील शिक्षा मंच चालविणारे, जाहिरात करणारे आणि आर्थिक व्यवहार घडविणारे यांच्यासाठी आहेत. पैसे लावणाऱ्या सामान्य माणसास गुन्हेगार ठरविलेले नाही, हे योग्यच झाले. परंतु सामना ठरवून हरणे या कृत्याविषयी कायदा मौन बाळगतो. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने क्रिकेटच्या एका प्रकरणात सामनानिश्चिती ही भारतीय दंड संहितेखालील फसवणूक ठरत नाही, असा निर्णय दिला होता. म्हणजे पैजेचा मंच बंद करणारा कायदा आपण केला. नुरा कुस्तीस शिक्षा करणारा केला नाही. मंच परदेशी असेल तर पहिला कायदा हतबल होतो आणि दुसरा अस्तित्वातच नसतो.

बंदीमुळे व्यवहार चोरवाटेने चालतील, हा आक्षेपही येथे विचारात घेतला पाहिजे. १८८७ चा कायदा असतानाही मटका फोफावला, हे सत्य आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष एवढाच की, कायदा आवश्यक असला तरी पुरेसा नसतो. मटक्यास ‘व्यापार’ म्हणविण्याचे धाडस त्या काळी कोणी केले नव्हते. आकडा लावणारा माणूस आपण काय करीत आहोत हे जाणत होता. आजच्या तरुणाकडून ती जाणीवच काढून घेतली गेली आहे, आणि म्हणून हानीचे स्वरूप अधिक खोल आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ई-स्पोर्ट्स आणि त्यावरील भाकित-व्यापार यांचा एकत्रित निषेध करणे अथवा एकत्रित गौरव करणे, दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. खेळ हा खेळाडूच्या श्रमाचा आहे. करार हा प्रेक्षकाच्या पैशाचा आहे. या दोहोंना जोडणारा दुवा निकाल हा असतो आणि तो विकाऊ झाला की प्रथम बळी खेळाडूचा जातो.

या बाबतीत महाविद्यालयांना काही निश्चित करता येण्याजोगे आहे. वाणिज्य शाखेत शेअर बाजार शिकविताना गुंतवणूक, संरक्षक वायदा, सट्टा आणि पैज यांतील भेद उदाहरणांसह शिकविता येईल. गणित व संख्याशास्त्र विभागांस शुल्क वजा जाता उरणाऱ्या अपेक्षित मूल्याचे गणित पहिल्याच वर्षी मांडून दाखविता येईल. क्रीडा विभागाने ई-स्पोर्ट्सच्या स्पर्धा भरविल्या, तर सामनानिश्चितीविषयीची आचारसंहिता खेळाडूंपुढे प्रारंभीच ठेवता येईल. आणि भाषा विभागांनी इनाम, पैज, पण, सट्टा व जुगार हे पाच शब्द वेगवेगळे राखले पाहिजेत. ज्या समाजास या शब्दांतील अंतर कळते त्यास ‘मत-व्यापार’ या नावाने फसविणे तितकेसे सोपे जात नाही.